गाणं संपायच्या आत

माझ्या वहिनीचा स्वभाव सांगायचा तर एवढंच सांगते, की तिने आयुष्यात कुणाला "सावकाश" म्हटलेलं मी ऐकलं नाही. जिना चढणाऱ्याला नाही, जेवणाऱ्याला नाही, आजाऱ्यालासुद्धा नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती दवाखान्यात आली आणि पलंगाशी उभी राहून म्हणाली, "चल, ऊठ आता, किती पडून राहायचं माणसाने?" टाके ओले होते माझे. शेवटी नर्सने तिला बाहेर काढलं.

तिचं आणि माझ्या दादाचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, आत लांबलचक टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटांचे थर आणि सगळ्यात वर एक पांढरी चादर, जिच्यावर इस्त्रीच्या टोकांचे तपकिरी डाग पडलेत. टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन इस्त्र्या. एकीवर वहिनी काम करते. दुसरी कित्येक वर्षं थंड आहे, काउंटरवरच्या कागदी पिशव्या पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली असते. दादा काउंटरवर बसतो. आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचतो, झालेले कपडे गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि उरलेला वेळ रस्त्याकडे बघतो. अख्खी गल्ली त्याला गोगलगाय म्हणते. हे नाव वहिनीनेच ठेवलं.

मी जन्मभर बसस्टँडच्या तिकीटखिडकीत बसले. आता निवृत्त आहे, पाय सुजतात, आणि घरात भांडायला कुणी नाही. म्हणून दुपारचं जेवण झालं की त्या दुकानात जाऊन बसते. वहिनीचं आणि माझं तसं बरं चाललंय. ती मला एरवी अगं-तुगं करते. रागावली की मात्र "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहोवर येते, मग मी समजते.

त्या दुकानात एकच टेप वाजायची. 'पिवळा दिवा' नावाचा सत्तरच्या दशकातला अल्बम. त्या काळी तो न्हाव्याच्या दुकानापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजत होता. कव्हरवर बेलबॉटम घातलेली एक बाई पायऱ्यांवर बसलेली, मागे खिडकीत दिवा. दादाचं लग्न ठरायच्या आधीपासून चौकात एक टेपवाला बसायचा. त्याच्याकडे ही रेकॉर्ड होती. लोक कोरी कॅसेट घेऊन जायचे, तो भरून द्यायचा. दादा कामावरून परतताना त्याच्या टपरीशी उभा राहून ती ऐकायचा, आणि लग्नानंतर त्याने वहिनीला पहिली वस्तू आणली ती या अल्बमची कॅसेट. साडी नाही, दागिना नाही, कॅसेट. आमची आई कपाळावर हात मारून घेत होती. वहिनीला मात्र ती अशी काही आवडली, की दुसरं काही दुकानात लावूच दिलं नाही. टेप झिजली की दादा तिच्यावरून दुसरी भरून आणायचा. ती झिजली की तिच्यावरून तिसरी. दर वेळी खरखर वाढायची आणि गाणं तिच्या मागे थोडं आणखी सरकायचं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ही गाणी मला पाठ आहेत, तीही कपड्यांवरून. पहिलं गाणं म्हणजे बँकवाल्यांचे पांढरे शर्ट. तिसरं फार छोटं, त्यात शाळेचे गणवेश, अर्ध्या बाह्यांचे. दुसऱ्या बाजूचं पहिलं लांबलचक, त्यात पँटी. कारण वहिनीचा नियम होता, गाणं संपायच्या आत कपडा हँगरवर.

नियम सुरू झाला तो गमतीत. एका हॉटेलच्या वेटरांचे गणवेश नुकतेच मिळाले होते, काम तुंबलं होतं, आणि दोघं समोरासमोर उभे राहून इस्त्री करत होते. वहिनी म्हणाली, जो गाण्याच्या मागे पडेल त्याने कप विसळायचे. दादाने आठवडाभर कप विसळले. त्याच्या हाताला सफाई होती, त्याने केलेली कॉलर मानेला लागायची नाही म्हणून गिऱ्हाईक मुद्दाम त्याच्याकडे द्यायचं. पण गाणं संपायचं आणि त्याची एक बाही राहिलेली असायची. दर वेळी. एक बाही, फार तर एक कफ. मग गमतीची सवय झाली आणि सवयीचा कायदा झाला. एके दिवशी पाच-सहा गिऱ्हाइकं काउंटरवर उभी होती, मीही होते, गाणं संपलं, दादाच्या हातात बाही होती, आणि वहिनी म्हणाली, "उतरा."

टेबलापाशी उभं राहायला तेव्हा एक लाकडी फळी होती, तिच्यावरून उतरा असा अर्थ. दादाने इस्त्री उभी ठेवली, वायर गुंडाळली आणि तो उतरला. जाताना म्हणाला, "गाणं जरा पळतंय गं." वहिनी म्हणाली, "गोगलगाईला सगळंच पळताना दिसतं." सगळे हसले. दादाही हसला. त्या दिवसापासून तो काउंटरवर.

दादा एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातला नाही. पहिल्यांदा सांगतो तेच मुश्किलीने.

तर अशी वर्षं गेली. त्यांची लेक मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली. वहिनी टेबलापाशी उभीच होती. आणि गेल्या काही महिन्यांत तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक सांगितला, आराम सांगितला. आराम हा शब्द तिने ऐकला नाही, बाकीचं ऐकलं. मी दुपारी बसलेली असायची आणि मला दिसायचं, की गाणं संपतंय आणि वहिनीच्या हातात बाही आहे. आधी क्वचित, मग रोज. टेपकडे एकदा बघायची आणि बाही संपवायची. मी रस्त्याकडे बघायची. दादाही रस्त्याकडे बघायचा. तिघंही इतके दमलेलो होतो, की एकमेकांना लाज वाटेल असं काही बोलायचं त्राणही कुणात नव्हतं.

मग टेप तुटली. मशीनने गिळली, दादाने पेन्सिल घालून सोडवायला घेतली आणि ती मधोमध तुटली. दुसरी भरून आणायला आता कुठे टेपवाला राहिलाय? वहिनी कोपऱ्यातल्या कॉटवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बरं झालं. माझंही झालंच होतं."

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"दिसतंय की तुला. रोज मागे पडतेय. नियम माझाच आहे. ह्यांना एक आणि मला एक असं नाही चालायचं." मग काउंटरकडे बघून म्हणाली, "दुकान देऊन टाकू या. कोपऱ्यावरचा ड्रायक्लीनिंगवाला कधीचा मागतोय."

मी घाबरले. ते दुकान गेलं तर वहिनी चार भिंतींत काय करेल, हे मला दिसत होतं. माझ्यासारखी होईल. दुपारी जायला दुसऱ्याचं दुकान शोधेल.

लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, थांबा, कसली घाई. 'पिवळा दिवा' आता नव्याने आलाय. अल्बमला पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनीने मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं, स्वच्छ केलं, रीमास्टर की काय म्हणतात ते केलं. लोक वेडे झालेत, रोज कुणी ना कुणी त्यावर लिहितंय. तिने तो दादाच्या फोनवर पाठवला, आणि बरोबर मुठीएवढा एक स्पीकर कुरिअरने पाठवला.

वहिनीने अट घातली. "नव्यावर एकदा बघते. पहिल्याच गाण्याला. मागे पडले तर त्याच दिवशी ड्रायक्लीनिंगवाल्याला बोलावायचं. मग कुणी मला समजवायला यायचं नाही." हे माझ्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आम्ही तिघंच. वहिनीने बँकवाल्याचा पांढरा शर्ट पसरला, पाणी मारलं, खांदा दोनदा फिरवला. दादाने फोनवर बोट ठेवलं.

आधी काहीच आलं नाही. खरखरच नव्हती, म्हणून वाटलं चालू झालं नाही. मग कुणीतरी श्वास घेतला. अगदी काउंटरपलीकडे उभं राहून घ्यावा तसा. मी खरंच दाराकडे बघितलं. आणि गाणं सुरू झालं.

मला कळत नाही म्हटलं, पण हे सांगते. जुन्या टेपवर त्या गाण्यात एक पोरगी जिना उतरत पळत सुटलेली असायची. "दिवा राहू दे, मी येतेय" असं ती म्हणायची आणि आपल्याला वाटायचं, नाचायला निघालीय. इथे तीच बाई, तेच शब्द, पण ती जिना चढत होती. हातात पिशव्या असाव्यात, दिवसभर कुठेतरी उभी असावी. गिटारच्या तारेवर बोट घासल्याचं ऐकू येत होतं. ढोल समजत होतो त्याच्या आत आणखी एक जाड, मऊ आवाज होता, तो खालून गाण्याला धरून चालला होता. आणि ध्रुवपद आलं तेव्हा बाईच्या मागून एक पुरुष गायला लागला. हळू, जरासा मागे राहून, मुद्दाम राहिल्यासारखा.

"हा कोण?" वहिनीचा हात थांबला नाही, पण तिने विचारलं. "इतकी वर्षं हा कुठे होता?"

"होता की," दादा म्हणाला.

वहिनीने कॉलर केली, खांद्याची पट्टी केली, कफ, बाह्या, पुढचे दोन्ही भाग, पाठ. शर्ट हँगरवर चढवला, वरचं बटण लावलं. गाणं चालूच होतं. अजून एक अख्खं ध्रुवपद बाकी होतं.

मी टाळ्या वाजवल्या. मी, टाळ्या! "झालं की नाही? उगाच ड्रायक्लीनिंग-बिक्लीनिंगवाला!"

वहिनी हसली नाही. हँगर धरून गाणं संपेपर्यंत उभी राहिली. "माझा खांदा काय एका रात्रीत बरा झाला?" ती म्हणाली. "बिघडवलंय त्या कंपनीवाल्यांनी. मंद केलंय. नवं करायचं म्हणून काहीही करतात." आणि तिथल्या तिथे लेकीला फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"आई, वेग नाही बदलला कुणी," लेक म्हणाली. "मूळ टेपवरून घेतलंय. जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर प्रत्येक गाण्याचा वेळ छापलेला होता ना, तोच आहे अगदी. बघ हवं तर, मी फोटो पाठवते."

"मग आमचं?"

"तुमचं मला काय माहीत? तुमची कॅसेट कुणी भरली होती?"

वहिनीने फोन ठेवला. काउंटरकडे बघितलं. दादा नंबराच्या चिठ्ठ्या सरळ करत होता, ज्या आधीच सरळ होत्या.

"अहो?"

"टेपवाल्याने भरली होती," दादा म्हणाला. "रेकॉर्ड जरा मोठी होती, कॅसेट छोटी पडत होती. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं असतं. तो म्हणाला, गाणं कापायचं माझ्याच्याने होत नाही, त्यापेक्षा रेकॉर्ड जरा पळवतो. त्याच्या मशीनला तसं बटण होतं. सगळ्यांना तशीच देतो म्हणाला, कुणाला कळतसुद्धा नाही."

"आणि तुम्हाला कळत होतं."

"मी रेकॉर्ड ऐकलेली ना. टपरीशी उभा राहून."

बाहेरून एक सायकल गेली. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती आणि प्रत्येक बसताना टोचत होती. राहायची ती एक बाही. फार तर एक कफ. आत्ता वहिनीपुढे जेवढं गाणं उरलं होतं, तेवढ्यात एक बाही सहज होते. म्हणजे माझा भाऊ मागे नव्हता. तो गाण्याबरोबर होता, खऱ्या गाण्याबरोबर. कुणा टेपवाल्याने एक बटण फिरवलं आणि त्यापायी माझ्या भावाला भर दुकानात उतरवलं, गल्लीने त्याला गोगलगाय केलं, आणि तो नंबर टाचत बसला. आणखी एक आठवलं. दादा इस्त्री करताना गुणगुणायचा. आम्ही म्हणायचो, बेसूर आहे, टेपच्या मागे पडतो. काउंटरवर बसल्यापासून तो कधी गुणगुणला नव्हता.

मला वहिनीचा भयंकर राग आला. "तू तिला नीट सांगायचं नाहीस का रे?" मी दादावरच ओरडले.

"सांगितलं होतं."

"एकदा! जाता जाता!"

"तिला तेच आवडलं होतं," दादा म्हणाला. "मी आणलेलं तिला आवडलं होतं. मग ते चुकीचं आहे असं रोज काय सांगायचं? आणि काम तर होत होतं. तिच्याएवढं काम कुणी करत नव्हतं."

वहिनीकडे बघवेना. ती टेबलाला टेकून उभी होती, डावा हात उजव्या खांद्यावर. तिचंही कुठे काही वेगळं झालं होतं? दादाला तरी बसायला मिळालं. ती मात्र इतकी वर्षं त्या पळत्या गाण्यामागे धावत होती, एकटी, आणि खांदा गेला तेव्हा स्वतःलाच दोष देत होती. माझा राग तिथेच कुठेतरी गळून पडला. नुसती कीव आली, तिची, त्याची, आणि थोडी माझीही.

"मी तुम्हाला उतरवलं," वहिनी म्हणाली.

"जाऊ दे. बसून पाय दुखत नाहीत."

"जाऊ दे काय?" ती एकदम चिडली. "जाऊ दे काय! सगळं जाऊच देता तुम्ही!" आणि ती काउंटरपाशी आली, पिशव्यांवरची ती थंड इस्त्री उचलली, खालचा तवा ओल्या फडक्याने घासून पुसला, पुन्हा पुसला, आणि पलीकडच्या बाजूच्या प्लगमध्ये वायर लावली. बराच वेळ काही झालं नाही. मग जळक्या धुळीचा वास आला आणि लाल दिवा लागला. तिने पलीकडे एक शर्ट पसरला.

"या."

"आता मला खरंच नाही जमणार गं."

"या म्हणते ना."

दादा गेला. फळी कधीच मोडली होती, तो जमिनीवरच उभा राहिला. वहिनीने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि स्वतः दुसरा शर्ट घेतला. दोघं समोरासमोर. ती बाई पुन्हा जिना चढायला लागली.

दादाने आधी कॉलर घेतली. कॉलर करायला त्याला किती वेळ लागला! पण टोकांपासून मधे, मधून टोकांकडे, तसाच फिरवत होता, पूर्वीसारखा, कडेला चुणी न पडू देता. ध्रुवपद आलं, मागून तो पुरुष गायला लागला, आणि दादाच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. गुणगुणणं म्हणता येणार नाही त्याला. पण ते गाण्याच्या मागे नव्हतं, बरोबर होतं. वहिनी मान खाली घालून इस्त्री करत होती. तिच्या शर्टावर दोन थेंब पडले, ते पाणी मारायच्या बाटलीचे नव्हते. तिने त्यांच्यावरून इस्त्री फिरवली.

तिचा शर्ट झाला. गाणं संपलं.

दादाची बाही राहिली होती. पूर्ण एक बाही, शिवाय दुसरीचा कफ. या वेळी गाणं पळत नव्हतं, तो खरंच मागे पडला होता. इतकी वर्षं हात न चालवलेल्या म्हाताऱ्याचं दुसरं काय होणार? त्याला ते कळलं. त्याने इस्त्री उभी ठेवली, कुणी काही म्हणायच्या आतच बाजूला झाला आणि वायर काढायला वाकला.

वहिनीने हात लांब करून फोनवर बोट ठेवलं. आत कुणीतरी श्वास घेतला आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालं.

"बाही राहिलीय," ती म्हणाली.

"गाणं संपलं ना."

"परत लावलंय." तिने त्याच्या शर्टाची बाही टेबलावर ओढून सरळ केली. "करा. सावकाश करा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मीही.

"तुम्ही काय बघताय, वन्सं?" वहिनी माझ्यावर खेकसली. "काउंटरवर गिऱ्हाईक आलंय, दिसत नाही?"

गिऱ्हाईक खरंच आलं होतं. मी उठले आणि नंबराच्या चिठ्ठ्या शोधायला लागले.